पेरणीची तारीख आणि ज्वारीची कीड

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘हवामानबदल आणि भरडधान्यांवरील कीड-रोग’ असा छापला आहे आणि त्यासाठी मला पंचेचाळीस मिनिटे दिली आहेत. सोलापुरात बसून भरडधान्य म्हटले की त्याचा अर्थ ज्वारी, आणि त्यातही रब्बीची मालदांडी, असाच घेतला जातो. तेव्हा बाजरी आणि नाचणी यांच्या वाट्याला आज शेवटची काही मिनिटेच आली, तर नगर-नाशिककडच्या आणि कोकणातल्या श्रोत्यांनी, कोणी आलेच असतील तर, ते मोठ्या मनाने घ्यावे.

मला जे म्हणायचे आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझ्या व्याख्यानात मुख्य मुद्दा वेळेत येईल ही आशा घरच्यांनीही सोडून दिली आहे. हवामान बदलल्यामुळे आपल्या ज्वारीवरची कीड आणि रोग बदलत आहेत, हे खरे आहे. पण त्यात तापमापीच्या पाऱ्याचा वाटा आपण समजतो त्याहून लहान आहे आणि पावसाने मोडलेल्या तारखांचा वाटा फार मोठा आहे. कोरडवाहू ज्वारीला कीडनाशकाची बाटली कधी परवडलीच नाही. तिचे संरक्षण पेरणीच्या आणि फुलोऱ्याच्या तारखेवर अवलंबून होते, आणि त्या तारखा पाळणे आता शेतकऱ्याच्या हातात राहिलेले नाही.

याबाबत माझी एक जुनी तक्रार आहे. भरडधान्यांवरच्या कोणत्याही परिसंवादाला जा, आणि 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष असल्याने त्या वर्षी असे परिसंवाद खोडकिड्यासारखे बोकाळले होते, तिथे एक स्लाइड हमखास दाखवली जाते. डाव्या बाजूला लाल होत गेलेला पृथ्वीचा गोल असतो, उजव्या बाजूला एक अळी असते, दोहोंच्या मध्ये एक बाण असतो आणि खाली लिहिलेले असते की तापमान एका अंशाने वाढले की किडीमुळे होणारे नुकसान 10 ते 25 टक्क्यांनी वाढते. हा आकडा खोटा नाही. तो 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे; परंतु तो अभ्यास गहू, भात आणि मका या तीन पिकांचा होता आणि ज्वारी-बाजरीचा त्यात हिशेब नव्हता. शिवाय त्याच अभ्यासाने असेही म्हटले आहे की ही वाढ समशीतोष्ण प्रदेशांत सर्वांत जास्त होईल, कारण तिथल्या किडीला आजवर थंडी आवर घालत आली आहे. उष्ण प्रदेशातली कीड मुळातच तिला मानवणाऱ्या उष्णतेच्या वरच्या टोकाजवळ जगत असते, त्यामुळे पारा आणखी चढला तर तिची वाढ मंदावण्याचाही संभव असतो. म्हणजे थंड देशातल्या गव्हाला लागू पडणारी भीती आपण उचलून मंगळवेढ्याच्या शिवारात आणून उभी करतो, आणि जी खरी अडचण आहे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मी एका परिसंवादात हे बोललो, तेव्हा ‘तुम्ही हवामानबदल मानत नाही काय?’ असा प्रश्न मला विचारला गेला. मी तो इतका मानतो की त्याच्या नावावर चुकीचा आकडा खपवला जाऊ नये असे मला वाटते.

आता ज्वारीकडे वळू. या सभागृहात खोडमाशी ठाऊक नाही असा शेतकरी नसेल, पण तिच्या वेळापत्रकाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. घरमाशीहून लहान अशी ही करडी माशी ज्वारीच्या कोवळ्या रोपाच्या पानाखाली, मधल्या शिरेला समांतर, एकेक पांढरे, लांबुळके अंडे घालते. दोन-तीन दिवसांत, बहुधा पहाटेच्या सुमारास, अळी बाहेर पडते आणि पानावरून सरपटत पोंग्याकडे, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांकडे, जाते. पोंग्यावर त्या वेळी ओल असली तर तिची वाट सोपी होते. पान चकचकीत असून त्यावर बारीक लव असली तर तीच वाट अवघड होते. आत शिरल्यावर ती वाढीचा कोंब कातरते, मधले पान वाळते, ओढले की अलगद हातात येते आणि त्याच्या बुडाला कुजका वास येतो. हीच पोंगेमर. अंड्यापासून पुढच्या माशीपर्यंतचा सगळा संसार साधारण तीन आठवड्यांत आटोपतो, आणि उगवणीनंतरचा पहिला महिना सरला की रोप माशीच्या उपयोगाचे राहत नाही. म्हणजे ज्वारीला जीव वाचवण्यासाठी साऱ्या हंगामातला तेवढाच एक महिना सांभाळायचा असतो.

तो महिना सांभाळण्याची युक्ती तारखेत होती. खरिपात पहिल्या चांगल्या पावसावर पेरले की माशी वाढायच्या आत रोपे मोठी होतात. पेरणी जुलैच्या मध्यापलीकडे गेली की पोंगेमर ठरलेली. रब्बीत हे उलटे असते. खरिपाच्या ज्वारीवर पोसलेली माशी भाद्रपदात भरपूर असते, त्यामुळे घाईने पेरलेली रब्बी ज्वारी तिच्या तावडीत सापडते, आणि फार थांबावे तर जमिनीतली ओल उडून जाते. कृषी विद्यापीठाने यातून 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी शिफारस केली आहे. सूर्य उत्तरा नक्षत्रात 13 सप्टेंबरच्या आसपास जातो आणि हस्तातून 10 ऑक्टोबरच्या आसपास बाहेर पडतो. म्हणजे उत्तरा-हस्तात पेरा, हे गावातल्या म्हाताऱ्यांचे सांगणे आणि विद्यापीठाची पुस्तिका यांत एका आठवड्याचाही फरक नाही. आता पंचांगावर श्रद्धा असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो: ऋतूंच्या मानाने ही नक्षत्रे साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, त्यामुळे मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांच्या काळी हस्त आजच्यापेक्षा साताठ दिवस आधी लागत असे. पंचांग आपल्या चालीने सरकते आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला शतके मिळतात. पाऊस सरकतो तेव्हा तेवढी सवड मिळत नाही.

आणि या तारखांच्या जोडीला वाण होता. 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी 35-1 अजूनही शेतात टिकून आहे, याचे कारण केवळ भाकरीची चव नव्हे. तिची रोपे चकचकीत पानांची असल्यामुळे खोडमाशीला काही प्रमाणात तोंड देतात, आणि दिवस लहान होत जातात त्यानुसार ती फुलोऱ्यावर येते. आपल्या जुन्या खरीप ज्वारीतही हाच गुण होता. पेरणी आठवडाभर मागेपुढे झाली तरी साऱ्या शिवारातली कणसे जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडत, आणि ती वेळ बहुतेक पाऊस संपल्यानंतरची असे.

इथे मला हायब्रीडची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अध्यक्षांनी ती पूर्वी ऐकली आहे, पण सोलापूरची माणसे भाकरीच्या गोष्टीत कोणाला अडवत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

सीएसएच-1 हा संकरित ज्वारीचा पहिला वाण 1964 साली आला. तो बुटका होता, शंभर दिवसांच्या आसपास तयार होत होता आणि खताला चांगली साथ देत होता. त्याने आणि त्याच्या मागून आलेल्या वाणांनी उत्पादन वाढवले, हे मी नाकारत नाही. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि मिलोनंतर हायब्रीडची भाकरीसुद्धा गोड लागली असे सांगणारेही मला भेटले आहेत. आमच्या घरी मात्र मत वेगळे होते. रेशनच्या दुकानातून ती ज्वारी आली की आई ती आधी सुपात पाखडायची, मग धुऊन अंगणात वाळत घालायची, आणि तरी दळून आलेले पीठ काळसर ते काळसरच. त्या पिठाला चिकाटी नसे. भाकरी थापताना कडा फाटत आणि तव्यावरून शेकावर टाकली तरी पापुद्रा सुटत नसे. वडील जेवताना तक्रार करत नसत, पण हरितक्रांतीविषयीचे त्यांचे मत भाकरीचा उरलेला अर्धा तुकडा ते ज्या पद्धतीने ताटात बाजूला ठेवत त्यावरून सगळ्यांना कळत असे.

गावात अधूनमधून शेतीखात्याचे एक साहेब येत. ज्वारी काळी का पडते, या प्रश्नावर त्यांचे उत्तर तयार असे, की तुम्ही ती ओलसर साठवता, पेव नीट लिंपत नाही, पोती भिंतीला लावता. त्यांनी हे तीन-चार वेळा समजावून सांगितल्यावर पारावर बसलेल्या एका म्हातारीने त्यांना विचारले, ‘साहेब, ताटावरच काळी झालेली जुंधळी आम्ही कुठं साठवली व्हती?’ साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले ते त्यांनाच ठाऊक, पण त्यानंतर त्यांचे साठवणुकीवरचे भाषण बंद झाले.

म्हातारीचे निदान अचूक होते. शंभर दिवसांचा वाण जुलैच्या आरंभी पेरला की तो सप्टेंबरात फुलतो आणि पाऊस चालू असतानाच दाणा भरतो. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत कणीस ओले राहिले की त्यावर फ्युजेरियम आणि कर्व्ह्युलेरिया यांसारख्या बुरशी वाढतात, दाणा गुलाबी किंवा काळा पडतो, हलका होतो आणि उगवणीलाही कामाचा राहत नाही. जुनी ज्वारी या बुरशीला पुरून उरत होती असे नव्हे. पाऊस असताना तिचा दाणा उघड्यावर येतच नव्हता. मिजमाशीची कथाही अशीच आहे. ही माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते आणि तेवढ्यात उमललेल्या फुलांत अंडी घालते. सारे शिवार एकदम फुलत होते तोवर तिला वाढायला वेळच मिळत नव्हता. लवकर फुलणारे संकर आणि उशिरा फुलणारे स्थानिक वाण शेजारी-शेजारी आले, तेव्हा ती संकरांवर वाढली आणि स्थानिक ज्वारीवर जाऊन बसली; ज्याने हायब्रीड पेरलेच नाही त्याची कणसेही पोचट निघाली. पुढे 2007 साली धान्यापासून मद्य बनवण्याच्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण राज्यात आले, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ पावसात काळी पडलेली ज्वारी पुढे केली गेली, आणि सोयाबीनने खरिपातून ज्वारीला बाहेर काढल्यावर तर काळी पडायलाही ती फारशी उरली नाही. उरलेल्या तुकड्यांवर परिसरातली सगळी पाखरे तुटून पडतात, म्हणून उरलेलेही शेतकरी ती सोडतात. हा विषय वाढवण्याचा मोह आवरतो.

मी ही गोष्ट इतकी लांबवली, कारण आज जे घडते आहे त्याची रंगीत तालीम तेव्हाच झाली होती. त्या वेळी बियाण्याने तारीख मोडली. पाऊस आपल्या जागी होता. आता बियाणे आपल्या जागी आहे आणि पाऊस हलला आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय आता सुरू होतो आहे, तेव्हा यापुढे मी उदाहरणे देणार नाही.

भारतीय हवामान विभागाने 2020 साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. केरळातील आगमनाची 1 जून ही तारीख कायम राहिली, परंतु वायव्य भारतातून परतीला सुरुवात होण्याची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली आणि मुंबईतून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरऐवजी 8 ऑक्टोबर झाली. आपल्याला याचा प्रत्यय वेगळ्या रीतीने येतो: 2019 चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस, 2020 च्या ऑक्टोबरच्या मध्यावर पंढरपूर-सोलापूर भागात झालेली अतिवृष्टी, आणि 2025 मध्ये मे महिन्यातच राज्यात दाखल होऊन सप्टेंबरात सीनाकाठ बुडवून गेलेला पाऊस. अशा वर्षी काळ्या भारी जमिनीत उत्तरा-हस्तात वाफसाच, म्हणजे पेरणीजोगी ओल, येत नाही. पेरणी कार्तिकात जाते, पीक उशिरा निसवते, आणि दाणा भरण्याचे दिवस फेब्रुवारीत जातात, जेव्हा ओल संपलेली असते आणि जमीन तापू लागलेली असते. खडखड्या या खोडकुजीच्या रोगाला हेच हवे असते. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते. ताटाला पाण्याचा ताण पडला आणि जमीन 35 अंशांच्या आसपास तापली की ती मुळातून वर चढते, खोडाचा गाभा पोकळ आणि काळा होतो, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की शेत आडवे होते. इथे पाऱ्याचा दोष आहे, हे मी मान्य करतो. पण पिकाला त्या पाऱ्याच्या तोंडी देणारी उशिराची पेरणीच असते.

दुसऱ्या बाजूला 2018 सारखे वर्ष असते. सप्टेंबर कोरडा जाईल या धास्तीने शेतकरी ऑगस्टच्या शेवटच्या ओलीवर पेरून मोकळा होतो आणि पोंगेमरीच्या तोंडी जातो. म्हणजे लवकर पेरावे तर खोडमाशी, उशिरा पेरावे तर खडखड्या, आणि मधला जो सुरक्षित महिना होता तो पाऊस कधी या बाजूने खातो, कधी त्या बाजूने. पुन्हा वर्षभर पाण्यावर घेतलेल्या कडवळामुळे, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या ज्वारीमुळे, खोडमाशीला उन्हाळ्यातही ओला संसार मिळतो, त्यामुळे पूर्वी उन्हाळा तिची संख्या जितकी खाली आणत असे तितकी आता आणत नाही. अमेरिकन लष्करी अळीचेही तसेच आहे. ती 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ मक्यावर प्रथम आढळली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात पोचली. तिला सुप्तावस्थेत पडून राहता येत नाही; बारा महिने उबदार हवा आणि बारा महिने हिरवे खाद्य लागते. हवा आपल्याकडे होतीच, आणि मुरघासाच्या मक्याने खाद्याची सोय झाली. मका संपला की ती ज्वारीच्या पोंग्यात येते. सगळे खापर हवामानावर फोडताना आपण पिकांची जी नवी मांडणी केली आहे, तिचाही हिशेब ठेवायला हवा.

मार्गशीर्ष-पौषात आभाळ आले की चिकटा पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. मावा पानांतला रस शोषतो, त्याच्या गोड स्रावावर काळी बुरशी चढते आणि कडबा जनावरे हुंगून सोडतात. थंडीच्या ऐन दिवसांत अरबी समुद्रावरून ढग येऊन चार-पाच दिवस मुक्काम करू लागले की दाण्यापेक्षा कडब्याचे नुकसान आधी होते. आणि आपल्याकडे ज्वारी कडब्यासाठीच पेरणारे किती आहेत, हे पीकविम्याचा हिशेब करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

बाजरीविषयी आता थोडक्यात. 1965 साली आलेला एचबी-1 आणि त्याच्या पाठोपाठचे संकर अमेरिकेतून आणलेल्या एकाच मादी वाणावर उभे होते, आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी गोसावी रोगाने त्यांचा धुव्वा उडवला. तिथे हवामान नव्हे, एकसारखेपणा नडला. या रोगाला रात्रीची 20 ते 25 अंशांची हवा आणि ओले पान लागते, त्यामुळे रात्री तापू लागल्या तर तो काही भागांत कमीही होईल. उलट करपा, ज्याला बाजरीवर पूर्वी कोणी विचारत नव्हते, तो गेल्या दोन दशकांत संकरित बाजरीवर मोठा रोग होऊन बसला आहे; आणि आर्द्रात पेरायची बाजरी पावसाअभावी महिनाभर लांबली की तिचा फुलोरा सप्टेंबरच्या झिमझिमीत सापडून अरगट हा कणसावरचा बुरशीरोग वाढतो. कोकणातल्या नाचणीवरचा करपा पानावर असतो तोवर सोसवतो, पण ऑक्टोबरात पाऊस लांबून तो कणसाच्या मानेवर आला की दाणा भरतच नाही. एवढ्यावर नाचणीची क्षमा मागतो.

आता मागणे काय ते सांगून थांबतो. काणी या कणसावरच्या बुरशीरोगासाठी बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम गंधक चोळणे, बियाणे थोडे दाट पेरून विरळणीच्या वेळी पोंगेमर झालेली रोपे उपटून नष्ट करणे, हलक्या जमिनीत फुले अनुराधा आणि भारी जमिनीत फुले वसुधा हे वाण घेणे, या गोष्टी पुस्तिकेत आहेत आणि त्या कराव्यात. परंतु साऱ्या पट्ट्याला 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी एकच तारीख छापून देण्याचे दिवस संपले. खोडमाशी किती आहे हे गावात मोजता येते. त्यासाठी उपग्रह लागत नाही; मासळीच्या कुटाचा सापळा लागतो. इक्रिसॅटसारख्या, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या संस्था तो कित्येक वर्षे वापरत आल्या आहेत, कारण त्या वासाला माशी हमखास येते. भाद्रपदापासून प्रत्येक मंडळात दोन-चार सापळे लावून आठवड्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी जमिनीतली ओल लिहिली, तर पेरायचे की आठ दिवस थांबायचे हे शेतकरी स्वतः ठरवील. खर्च नगण्य आहे. अडचण एकच आहे, की मासळीचा कुट ओला झाला की त्याला भयंकर वास येतो, त्यामुळे सापळा पंचायतीच्या कचेरीजवळ लावू नये. दुसऱ्याच दिवशी तो काढून टाकण्याचा ठराव होईल.